दम्याचा निळा पंप: घ्यायचा कसा, मोजायचा कसा

सांगली-मिरजेत मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की दम्याची दोन टोकं रोज दिसतात. एक आक्का डॉक्टरांची चिठ्ठी पुढं करतात आणि हळूच म्हणतात, "पंप सोडून बाकीचं द्या. एकदा धरला की सुटत नाही म्हणं." त्यांच्या मागचा तरणा गडी चिठ्ठीबिठ्ठी न दाखवता म्हणतो, "निळा पंप द्या एक." मागच्याच महिन्यात तो एक घेऊन गेलेला असतो. आक्कांना पंपाची भीती वाटते, त्याला अजिबात वाटत नाही. मला दोघांचीही काळजी वाटते, पण त्या पोराची जास्त.

पंपाची सवय लागत नाही. दमा आटोक्यात नसला की पंप पुन्हापुन्हा लागतो, आणि बघणाऱ्याला ती सवय वाटते. नीट घेतला तर श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधांत पंपाइतका सुरक्षित प्रकार दुसरा नाही. धोका होतो तो किती लागतोय हे न मोजल्याने. तुमची मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवतील. ती मात्रा नीट पोटात नव्हे, छातीत कशी पोचवायची, आणि कुठल्या आकड्याला सावध व्हायचं, ते इथं सांगतो.

पंप आत जाऊन काय करतो

श्वासनलिकांभोवती स्नायूंचे वेढे असतात. दम्यात एकाच वेळी तीन गोष्टी होतात: हे वेढे आवळतात, नळीचं आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साठतो. सालब्युटामॉल किंवा लेव्होसालब्युटामॉल, म्हणजे ज्याला आपण निळा पंप म्हणतो, तो फक्त आवळलेले स्नायू सैल करतो. पाच मिनिटांच्या आत बरं वाटायला लागतं आणि चार ते सहा तास टिकतं. सूज मात्र होती तिथंच राहते.

ती सूज उतरवायला श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड लागतं: ब्युडेसोनाइड, फ्ल्युटिकासोन, बेक्लोमेथासोन. त्याने लगेच काही जाणवत नाही, म्हणून लोक ते सोडतात आणि लगेच आराम देणारा निळा पंप तेवढा ठेवतात. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी, ज्यांना डॉक्टर मंडळी 'जीना' म्हणतात, २०१९ पासून स्पष्ट सांगितलंय की प्रौढांचा आणि किशोरवयीन मुलांचा दमा नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नये, सोबत स्टेरॉइडचा पंप हवाच. तुमच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं एकटा निळा पंपच असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे आवर्जून विचारा.

डब्यावरचं नाव वाचा, रंगावर जाऊ नका

कंपनीगणिक रंग बदलतो. घरात दोन-तीन पंप असतील तर प्रत्येकावर मार्करने मराठीत लिहून ठेवा: 'दम लागल्यावर' आणि 'रोज'. हे लिहिताना एक गोम लक्षात ठेवा. रोजच्या पंपात बऱ्याचदा दोन औषधं एकत्र असतात. फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड असलेला पंप लवकर काम करतो, त्यामुळे डॉक्टर कधीकधी तोच रोजही आणि दम लागल्यावरही घ्यायला सांगतात. साल्मेटेरॉल असलेला पंप मात्र हळू चढतो. ऐन दम्यात तो घेऊन वाट बघत बसणं धोक्याचं. दोन्ही पंप दिसायला सारखेच असतात, म्हणून नाव वाचा आणि "अचानक दम लागला तर यातला कुठला?" हा प्रश्न डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारून मगच घरी जा.

साल्मेटेरॉल किंवा फॉर्मोटेरॉल स्टेरॉइडशिवाय एकटं दम्यासाठी घ्यायचं नसतं, हेही माहीत असू द्या.

पंप ओढायची पद्धत

माझ्यासमोर पंप घेऊन दाखवा म्हटलं की निम्मं औषध जिभेवर किंवा घशाच्या मागच्या भिंतीवर बसताना दिसतं. मग "पंपाने फरक पडत नाही" अशी तक्रार येते. म्हणून इथं घाई करू नका.

१. ताठ बसा किंवा उभे राहा. टोपण काढा आणि तोंडाच्या भागात आत डोकावून बघा. खिशात पडलेल्या पंपात शेंगदाण्याचं टरफल, सुपारीचा तुकडा असलं काही अडकलेलं असू शकतं.

२. पंप चांगला हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल, तर आधी दोन-चार फवारे हवेत सोडा.

३. छातीतली हवा सावकाश बाहेर सोडा. पंपात फुंकू नका.

४. तोंडाचा भाग दातांच्या मध्ये धरून ओठ घट्ट मिटा. जीभ खाली.

५. सावकाश श्वास आत घ्यायला सुरुवात करा, आणि सुरुवात होताच डबी एकदाच दाबा. दाबून झाल्यावरही श्वास तसाच हळू, खोल चालू राहू द्या. हुक्का ओढल्यासारखा झटका नको. सगळी चूक या एका क्षणात होते: कोणी आधी दाबतं, कोणी श्वास संपल्यावर दाबतं, कोणी एका श्वासात दोनदा दाबतं.

६. पंप तोंडातून काढा, ओठ मिटा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. दहा जमत नसतील तर जमतील तेवढे.

७. दुसरा फवारा लिहून दिला असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप परत हलवा आणि सगळं पहिल्यापासून करा.

८. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंका. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते आणि आवाज बसतो.

दाबणं आणि ओढणं यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर घ्या. मी तर म्हणेन, मेळ बसत असला तरी घ्या. स्पेसर म्हणजे प्लास्टिकची पोकळ नळी. एका टोकाला पंप लावायचा, दुसऱ्या टोकाने श्वास घ्यायचा. एक फवारा सोडायचा आणि चार-पाच साधे श्वास घ्यायचे, मगच दुसरा फवारा. चार वर्षांखालच्या लेकराला त्यालाच मास्क जोडून नाकातोंडावर नीट बसवायचा. मूल रडत असेल तर औषध फारसं आत जात नाही, म्हणून मांडीवर घेऊन गोष्ट सांगत द्या. स्पेसर महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

कॅप्सूलची भुकटी ओढायचं यंत्र असेल तर नियम नेमका उलटा: तिथं श्वास जोरात आणि खोल हवा, कारण भुकटी उडवायचं काम तुमच्या श्वासालाच करायचं असतं. त्यात फुंकायचं नाही. कॅप्सूल गिळायची नाही. हे सांगावं लागतं, कारण लोक गिळतात. महाबळेश्वर-पाचगणी, पाटण भागात पावसाळ्यात कॅप्सूल दमट होऊन भुकटीचा गोळा होतो. डबी घट्ट बंद ठेवा आणि घ्यायच्या वेळीच कॅप्सूल बाहेर काढा. मोठा अटॅक आला की जोरात ओढायची ताकद राहत नाही. अशा वेळेसाठी पंप आणि स्पेसर घरात असलेला बरा.

आता हिशेब

नेहमीच्या निळ्या पंपात २०० फवारे असतात. दमा आटोक्यात असलेल्या माणसाला तो आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत नाही. दोन वेळा दोन-दोन फवारे धरले तर आठवड्याला चार, म्हणजे एक पंप जवळजवळ वर्षभर पुरायला हवा.

आता वर्षाला तीन पंप लागले तर? जीनाच्या सूचनांनुसार वर्षाला २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त पंप लागणाऱ्यांना मोठा अटॅक येण्याचा धोका वाढलेला असतो. वर्षाला बारा किंवा जास्त, म्हणजे महिन्याला एक, लागत असतील तर जिवाचा धोका वाढतो. महिन्याला एक पंप म्हणजे रोजचे सहा-सात फवारे. काउंटरवरच्या त्या पोराची काळजी वाटते ती या आकड्यामुळे. त्याला पंप नाकारून उपयोग नाही, ऐन दम्यात हाताशी पंप नसणं तर फारच वाईट. त्याला पंप द्यायचा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवायचं, कारण त्याची सूज वाढत चाललीय आणि निळा पंप ती झाकून ठेवतोय.

मोजायचं कसं? मागे आकडा दाखवणारा पंप मिळाला तर तोच घ्या. नसेल तर पंप फोडल्याची तारीख प्लास्टिकवर लिहा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या-त्या दिवसाच्या चौकटीत फवाऱ्यागणिक एक रेघ ओढा. महिना संपला की रेघा मोजायच्या. दूधवाल्याचा हिशेब जिथं लिहिता तिथंच हाही लिहा. रात्री दम लागून जाग आली तर त्या दिवसाला गोल करा. महिन्यातला एक गोलही डॉक्टरांना सांगण्यासारखा असतो.

डबी पाण्यात तरंगते का बघून औषध संपलं की नाही ठरवण्याची पद्धत जुनी आहे आणि चुकीची आहे. औषध संपल्यावरही नुसता वायू फुसफुसत राहतो आणि डबी भरलेली वाटते.

गोळ्या, सिरप, इंजेक्शन

पंपाला घाबरणाऱ्या आक्का गोळ्या मात्र बिनघोर घेतात. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम सालब्युटामॉल असतं. सालब्युटामॉलची गोळी येते २ किंवा ४ मिलिग्रॅमची. ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत चाळीस फवाऱ्यांइतकं औषध झालं. ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरतं, मग थोडंसं छातीत पोचतं, तेही उशिरा. हात थरथरणं, छातीत धडधडणं गोळीनेच जास्त होतं. तेव्हा भीती बाळगायचीच असेल तर गोळीची बाळगा.

डेरीफायलिनच्या गोळ्या आणि इंजेक्शनं आपल्याकडे गावोगाव चालतात. त्यात थिओफायलिन आणि त्याच जातीचं एटोफायलिन असतं. थिओफायलिनमध्ये लागू पडणारी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडं. मळमळ, उलट्या, झोप न येणं, धडधड, आणि मात्रा फार चढली तर फिट. सिप्रोफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारखी अँटिबायोटिकं सोबत चालू झाली की रक्तातलं थिओफायलिन वाढतं. म्हणजे लघवीच्या जळजळीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी दम्याच्या गोळीची मात्रा जास्त होऊ शकते. विडी-सिगारेट सोडल्यावरही ती चढते. सोडा जरूर, पण डॉक्टरांना सांगून, म्हणजे ते गोळी कमी करतील. डॉक्सोफायलिन आणि ॲसेब्रोफायलिन ही याच कुळातली औषधं. एका चिठ्ठीवर एक, दुसरीवर दुसरं, असं दोन्ही चालू असेल तर लगेच विचारा.

खोकल्याच्या सिरपकडेही बघा. बऱ्याच 'कफाच्या' सिरपमध्ये टर्ब्युटालिन, सालब्युटामॉल किंवा लेव्होसालब्युटामॉल असतं. पोराला सिरप चालू, वर मशीनची वाफ, वर पंप, असं झालं की ते रात्रभर थरथरतं आणि घरचे म्हणतात पंप बाधला.

नाव न लिहिलेल्या दम्याच्या पुड्या आणि सुट्या गोळ्या घेऊच नका. आत काय आहे ते कळत नाही, आणि अटॅक येऊन दवाखान्यात गेलात तर तिथल्या डॉक्टरांनाही कळत नाही. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध घ्यायची प्रथा अनेक ठिकाणी आहे. श्रद्धेने जाणाऱ्याला मी अडवत नाही. फक्त त्या रात्री खिशात निळा पंप असू द्या, आणि त्या औषधाच्या भरवशावर रोजचा पंप एक दिवसही बंद करू नका.

मशीनची वाफ

नेब्युलायझर म्हणजे औषधाची वाफ देणारं मशीन. त्यात ओतायच्या औषधाच्या एका छोट्या नळीत साधारण २.५ मिलिग्रॅम सालब्युटामॉल असतं, म्हणजे पंचवीस फवाऱ्यांइतकं. त्यातलं बरंच हवेत उडून जातं. साध्या आणि मध्यम अटॅकमध्ये पंप आणि स्पेसर मशीनइतकंच काम करतात, आणि लाइट गेली तरी अडत नाही. घरी मशीन असलेल्यांचा मोठा तोटा असा की वाफेवर वाफ घेत रात्र काढतात आणि पहाटे उशिरा दवाखाना गाठतात. लिहून दिलेल्या वेळेआधी परत वाफ घ्यावीशी वाटली, तर ती वेळ दवाखान्यात जायची. मास्क आणि औषधाची वाटी प्रत्येक वेळी धुऊन वाळवा.

गरम पाण्याच्या पातेल्यावर चादर घेऊन घेतलेल्या वाफेने आवळलेली नळी सैल होत नाही. लेकरं त्यात भाजतात. दम्यासाठी ती नको.

धडधड, थरथर आणि बाकीची औषधं

पंप घेतल्यावर बोटं थोडी थरथरली, छातीत जरा धडधडलं तर घाबरू नका, ते काही वेळात उतरतं. छातीत दुखलं, ठोके चुकायला लागले, चक्कर आली किंवा पंप घेतल्यावर छाती उलट जास्त आवळली, तर तो पंप थांबवून लगेच डॉक्टर. मात्रा जास्त झाली की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, पायात गोळे येतात. लघवी होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना हे लवकर होतं. मधुमेह असेल तर मोठ्या मात्रेने साखर थोडी चढते.

इप्राट्रोपियम किंवा टायोट्रोपियम असलेला पंप घेणाऱ्या आजोबांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते. काचबिंदू असेल तर मास्कमधली वाफ डोळ्यात जाऊ देऊ नका.

दमा आहे हे प्रत्येक डॉक्टरला सांगा, डोळ्यांच्या डॉक्टरलाही. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलोलचे थेंब आणि अर्धशिशीसाठी किंवा हात थरथरण्यासाठी दिलं जाणारं प्रोप्रानोलोल यांनी श्वासनलिका आवळतात आणि निळ्या पंपाचं कामही अडतं. यातलं काही चालू असेल तर स्वतःहून तोडू नका, फोन करून विचारा. ऊसतोडीने कंबर धरली म्हणून मेडिकलमधून घेतलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनची गोळी काही दमेकऱ्यांना तासाभरात अटॅक आणते. एकदा तसं झालं असेल तर आयुष्यभर लक्षात ठेवा.

अटॅक आला तर

झोपवू नका. ताठ बसवा, किंचित पुढं झुकवा, कपडे सैल करा, भोवतीची गर्दी हटवा. स्पेसरमधून एकेक करून चार फवारे द्या, प्रत्येक फवाऱ्याला चार-पाच श्वास. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर आणखी चार. तरीही दम उतरला नाही तर १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत याच क्रमाने देत राहा. डॉक्टरांनी लिहून दिलेला आराखडा वेगळा असेल तर तोच पाळा.

थांबायचंच नाही असं कधी? एक वाक्य एका दमात बोलता येत नाही. ओठ, नखं निळसर पडतात. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. माणूस गुंगायला लागतो. यातलं काहीही दिसलं तर आधी १०८, आणि सोबत पंप. छातीतली सुंई-सुंई अचानक थांबली पण दम उतरला नाही, तर बरं वाटतंय असं समजू नका. हवाच आत-बाहेर होत नाहीये, म्हणून आवाज थांबलाय. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९४ खाली आकडा आला तर दवाखाना, ९० खाली तर एक क्षणही नाही. पण आकडा ९७ आहे म्हणून दम लागलेल्या माणसाला घरी ठेवू नका. झोपेची गोळी देऊ नका.

बरं वाटलं तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना भेटा. अटॅकनंतर सूज काही दिवस राहते.

आपल्या भागातले दिवस

फवारे मोजायला लागलात की ते कधी वाढतात हेही कळतं, आणि सांगली-साताऱ्यात त्याला हंगाम आहेत. ऊसतोड झाल्यावर पेटवलेलं पाचट, गुऱ्हाळाचा धूर. तासगाव भागात द्राक्षावर भुरीसाठी गंधकाची धुरळणी, बेदाणा शेडमधली गंधकाची धुरी. गंधकाच्या धुराने दमेकऱ्याची छाती मिनिटांत आवळते, तिथलं काम दुसऱ्याला द्या. हळद पॉलिश करताना आणि दळताना उडणारी धूळ, माण-खटावात ज्वारीची मळणी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी शिरलेल्या घरांत ओल राहिली आणि भिंतींवर बुरशी धरली. अशी भिंत खरवडायचं काम दमेकऱ्याने करू नये. दिवाळीआधी माळ्यावरच्या गोधड्या झटकणंही तसंच.

हंगाम सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस डॉक्टरांना भेटून रोजच्या पंपाची मात्रा तपासून घ्या. हंगामात निळा पंप वाढवत नेण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. अजिंक्यताऱ्यावर पहाटे चढणाऱ्यांना थंड हवेने दम लागत असेल, तर चढायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पंप घ्यायचा का, हे विचारून ठरवा. पैलवानांनी लक्षात ठेवा: उत्तेजक चाचणीच्या नियमांत सालब्युटामॉलचा पंप २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो, पण त्याची गोळी आणि सिरप चालत नाही.

गरोदरपणात पंप बंद करू नका. आईला श्वास पुरला नाही तर बाळालाही ऑक्सिजन पुरत नाही, आणि पंपातून जाणारी मात्रा अगदी थोडी असते.

पंप ३० अंशांच्या आत ठेवायचा असतो. उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका. रिकामी डबीसुद्धा फोडू किंवा जाळू नका, फुटते. पालखीबरोबर लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असं चालणाऱ्या वारकऱ्यांनी पंप पडशीत तळाशी टाकू नये. कमरेला किंवा गळ्यातल्या पिशवीत ठेवावा, सोबत चालणाऱ्या दोघांना तो कुठं आहे हे दाखवून ठेवावं, आणि दुसरा भरलेला पंप सामानाच्या गाडीत नाव लिहून द्यावा.